मरुभूमीतील लहान जीव : एका शास्त्रीय प्रश्नाचा इतिहास



वसंतातल्या व्याख्यानांची वेळ आपल्या पूर्वसूरींनी संध्याकाळची ठरवली, त्यात मोठे शहाणपण आहे. हेच व्याख्यान भर दुपारी दोन वाजता ठेवले असते, तर रिकाम्या खुर्च्यांखेरीज मला दुसरा श्रोता मिळाला नसता. दुपारी आपण दारे-खिडक्या लोटून घेतल्या, गार फरशीवर अंग टाकले, माठातले पाणी प्यालो आणि ऊन कलल्यावर घराबाहेर पडलो. आपण उन्हाशी झुंजलो नाही. आपण ते टाळले. आज ज्या प्राण्यांविषयी मी बोलणार आहे, त्यांच्या जीवनाचे निम्मे रहस्य आपण सर्वांनी आज दुपारी स्वतः आचरून दाखवले आहे. उरलेले निम्मे मात्र आपल्याला साधण्यासारखे नाही. आणि ते उलगडावयास शास्त्रज्ञांना जवळजवळ दोनशे वर्षे लागली. त्या दोनशे वर्षांचा इतिहास हा माझा आजचा विषय आहे.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंट उभा राहतो. परंतु वाळवंटात राहणाऱ्या सस्तन प्राण्यांची मोजदाद केली तर उंटासारखे मोठे प्राणी अगदी थोडे भरतात. खरी वस्ती आहे ती लहानांची. सहारातला लांब पायांचा जर्बोआ, आपल्या राजस्थानातला जर्बिल, अमेरिकेतला कांगारू उंदीर ही सारी मंडळी पाव किलोच्या आतली. अमेरिकेच्या वाळवंटात गालांत पिशव्या असलेला एक उंदीर आहे. त्याचे वजन सात-आठ ग्रॅम, म्हणजे जुन्या हिशेबाने पाऊण तोळाही नाही.

यात नवल ते काय, असे कोणी विचारील. नवल आहे, आणि ते साध्या अंकगणितातले आहे. एक सेंटिमीटर बाजूचा लाकडी ठोकळा घ्या. त्याचे घनफळ एक, आणि सहा बाजूंचे मिळून पृष्ठफळ सहा. आता दहा सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या. त्याचे घनफळ हजार, पण पृष्ठफळ अवघे सहाशे. म्हणजे आकारमानाच्या मानाने लहान ठोकळ्याला दसपट कातडी आहे. वाटीतले दूध पातेल्यातल्या दुधाआधी निवते ते याच कारणाने. उष्णता आत शिरते ती पृष्ठभागातून आणि बाहेर जाते तीही पृष्ठभागातूनच. तेव्हा बाहेर आग पाखडत असता लहान देह मोठ्याच्या कितीतरी आधी तापणार, आणि रात्री थंडी पडली की कितीतरी आधी गारठणार. वाळवंटात तर या दोन्ही गोष्टी एकाच अहोरात्रात घडतात. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्या वाळूचा पृष्ठभाग ७० अंश सेल्सिअसवर जाऊ शकतो. आणि आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे सूर्य मावळताच ती सारी उष्णता भराभर आकाशात निघून जाते. अशा ठिकाणी सर्वांत आधी मरावयाचे ते लहानांनी. आणि तेच तेथे सर्वांत अधिक संख्येने नांदतात! हे कोडे आहे.

या कोड्याचा इतिहास मात्र वाळवंटात सुरू होत नाही. तो सुरू होतो अठराव्या शतकातल्या शहरी माणसांपासून. १७५० च्या जून महिन्यात फिलाडेल्फिया शहरी भयंकर उकाडा झाला. सावलीत पारा १०० अंश फॅरनहाइटवर गेला. बेंजामिन फ्रँकलिनच्या मनात प्रश्न आला की, हवा आपल्या रक्ताहून गरम असता आपला देह हवेइतका का तापत नाही? १७५८ साली एका डॉक्टर मित्रास लिहिलेल्या पत्रात त्याने याचे उत्तर सुचवले. घाम वाळतो आणि वाळताना देहाची उष्णता घेऊन जातो. आपल्याकडे हे ज्ञान कुंभाराने माठात कधीच घालून ठेवले होते. पाझरणाऱ्या माठातले पाणी गार होते, आणि झिलई दिलेल्या बरणीतले होत नाही. फ्रँकलिनने जणू सांगितले की, माणूस हा एक पाझरणारा माठ आहे.

पुढे १७७४ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज फोर्डाइस, चार्ल्स ब्लॅगडेन, जोसेफ बँक्स इत्यादी मंडळींनी एक विलक्षण प्रयोग केला. एक खोली त्यांनी भट्टीसारखी तापवली आणि ते स्वतः तीत जाऊन उभे राहिले. पुढच्या खेपांना तर हवा २६० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे पाणी उकळते त्याच्याही वर तापवण्यात आली. ब्लॅगडेन काही मिनिटे त्या हवेत राहून सुखरूप बाहेर आला. बरोबर नेलेली अंडी मात्र तेथे भाजून घट्ट झाली आणि मांसाचा तुकडा शिजून कोरडा पडला. एका कुत्रीलाही टोपलीत घालून आत ठेवले होते, पाय पोळू नयेत म्हणून. तीही धडधाकट बाहेर आली. एकाच हवेत निर्जीव मांस शिजते आणि सजीव मांस शिजत नाही, हे पाहून त्या विद्वानांची अशी समजूत झाली की, उष्णता नष्ट करणारी काही खास शक्ती जिवंत देहात वसत असावी. घामाचा वाटा त्यांनी नाकारला नाही, पण केवळ घामाने एवढे साधत असेल, हे त्यांच्या मनाला पटेना.

एकोणिसाव्या शतकाने ही गूढ शक्ती हद्दपार केली. फ्रान्समधील थोर शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार याने प्राण्यांना तापत्या पेटीत ठेवून दाखवून दिले की, रक्ताचे उष्णतामान नेहमीपेक्षा चार-पाच अंशांनी वाढले की सस्तन प्राणी मरतो. तेथे कोणतीही शक्ती धावून येत नाही. त्याने त्याहून मोठा एक विचार मांडला. १८७८ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत तो म्हणतो की, उच्च प्राणी खऱ्या अर्थाने बाहेरच्या जगात राहत नाहीत, ते स्वतःच्या रक्तरसाच्या आंतरिक जगात राहतात. आणि त्या आंतरिक जगाचे स्थैर्य हाच त्यांच्या स्वातंत्र्याचा पाया होय. बाहेर हिम असो वा आग, आत ३७ अंश. पुढे अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी या स्थैर्याला विसाव्या शतकात शास्त्रीय नाव दिले आणि १९३२ साली त्यावर एक नावाजलेला ग्रंथ लिहिला. स्थैर्य म्हणजे श्रेष्ठता, हे समीकरण विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकात पक्के झाले.

येथे आपल्या लहान प्राण्यांवर मोठेच संकट येते. स्थैर्य राखावयाचे तर घाम गाळला पाहिजे, आणि घामाला पाणी पाहिजे. या पाण्याचा हिशेब दुसऱ्या महायुद्धाने करावयास लावला. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात सैन्ये लढत होती, आणि सैनिकाला दिवसाला किती पाणी द्यावे हा जीवनमरणाचा प्रश्न झाला होता. सवय केली म्हणजे माणूस कमी पाण्यावर राहू शकेल, अशी कित्येक सेनाधिकाऱ्यांची समजूत होती. रोचेस्टर विद्यापीठाचे एडवर्ड अ‍ॅडॉल्फ आणि त्यांचे सहकारी १९४२ पासून कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जवानांना चालवून, वजने करून, घाम मोजून याचा छडा लावीत राहिले. १९४७ साली त्यांचा ग्रंथ निघाला. त्याचा निष्कर्ष असा : वाळवंटी उन्हात चालणारा माणूस तासाला लिटरभर किंवा त्याहून अधिक घाम गाळतो, आणि पाण्यावाचून राहण्याची सवय त्याला कोणत्याही शिस्तीने लावता येत नाही. वाचवता येईल तो घाम वाचवा, पाणी रोखून धरू नका; सावलीत पडून राहा, रात्री चाला, अंगावर कपडे ठेवा. किती जवानांचे प्राण या साध्या वाक्यांवर अवलंबून होते, ते सांगावयास नको.

आता हाच हिशेब शंभर ग्रॅमच्या प्राण्याला लावून पाहा. माणूस तासाला आपल्या वजनाच्या एक-दीड टक्का पाणी खर्च करतो. लहान प्राण्याला, त्याच्या कातडीच्या प्रमाणात, याच्या दसपटीच्या घरात खर्च करावा लागेल. तासाला देहाचा दहावा हिस्सा! म्हणजे एक-दोन तासांत खेळ आटोपला. घाम गाळून स्थैर्य राखणे ही मोठ्या देहाची श्रीमंती आहे. लहानांना ती परवडणारी नाही. आणि खरोखरच उंदराच्या जातीला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. मग तो जगतो कसा?

हे उत्तर शोधण्याचे श्रेय मुख्यतः एका दांपत्याकडे जाते. क्नुट श्मिट-नील्सन हे मूळचे नॉर्वेचे, १९१५ साली जन्मलेले. डेन्मार्कचे नोबेल पारितोषिक विजेते शरीरशास्त्रज्ञ आउगुस्ट क्रोग यांच्या प्रयोगशाळेत ते शिकले, आणि तेथेच क्रोग यांची कन्या बोडिल हिच्याशी त्यांचा विवाह झाला. बोडिलबाई दंतवैद्यकाची पदवी घेतलेल्या. पण पित्याचा शास्त्रीय वारसा त्यांनी पुरेपूर चालवला, आणि पुढे १९७५ साली अमेरिकेच्या शरीरक्रियाशास्त्र संस्थेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. क्रोग यांचे एक सूत्र होते : निसर्गातल्या प्रत्येक प्रश्नासाठी कोठेतरी एखादा असा प्राणी असतो की, ज्याच्यावर तो प्रश्न सर्वांत सोयीने अभ्यासता येतो. लेक-जावयांनी या सूत्राप्रमाणे आपला प्राणी निवडला. १९४६ मध्ये ती दोघे अमेरिकेस आली, आणि १९४७ च्या उन्हाळ्यात अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात कांगारू उंदराच्या मागे लागली.

हा प्राणी मागच्या लांब पायांवर टुणटुण उड्या मारतो म्हणून त्याचे हे नाव. कांगारूशी त्याचे काही नाते नाही. तो वाळलेले बी खातो आणि पाणी म्हणून पीत नाही. तो दव चाटत असेल, रसाळ कंद खात असेल, बिळात खोल कोठेतरी पाणी असेल, पोटात साठा असेल, असे नाना तर्क लोक करीत. श्मिट-नील्सन दांपत्याने या उंदरांना प्रयोगशाळेत आठवडेच्या आठवडे नुसत्या कोरड्या सातूवर ठेवले. उंदीर मजेत राहिले. त्यांच्या देहातले पाण्याचे प्रमाण तपासले, तर ते पहिल्या दिवशी जेवढे होते तेवढेच अखेरीस भरले, देहाच्या जवळजवळ दोन-तृतीयांश. म्हणजे साठवलेले पाणी ते खर्चत नव्हते. रोज कमावत होते आणि रोज तेवढेच खर्चत होते.

कोरड्या दाण्यातून पाणी कसे कमावता येते? रॉकेलचा दिवा लावून थंड काच बसवली की काचेवर आतून क्षणभर ओल धरते, हे आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. रॉकेलमध्ये पाणी नसते. परंतु त्यातला हायड्रोजन जळून ऑक्सिजनशी मिळतो आणि पाणी तयार होते. अन्नही देहात असेच मंदपणे जळते. हे पाणी आपल्याही देहात निर्माण होते. पण आपला खर्च एवढा अफाट की ही मिळकत त्यात दिसत नाही. कांगारू उंदराचा जमाखर्च या दांपत्याने एखाद्या पेढीवरच्या मुनीमाप्रमाणे मांडला. शंभर ग्रॅम सातू, म्हणजे सुमारे महिनाभराचा शिधा. जमेच्या बाजूस, सातू जळून झालेले पाणी ५४ ग्रॅम आणि दाण्यांत मुरलेली ओल ६ ग्रॅम, एकूण ६०. खर्चाच्या बाजूस, मूत्रावाटे १३.५, विष्ठेवाटे २.६, श्वास आणि कातडी यांवाटे ४३.९, एकूण ६०. हा हिशेब २५ अंश उष्णतामानाचा. दोन्ही बाजू जुळतात. पाणी न पिणाऱ्या प्राण्याचे गूढ या चार-पाच आकड्यांत संपले.

खर्च इतका थोडा कसा, हेही त्यांनी एकेक करून पाहिले. पहिले मूत्रपिंड. माणसाच्या मूत्रपिंडाच्या जवळजवळ चौपट घट्ट मूत्र हा उंदीर तयार करतो. किती घट्ट, याची परीक्षा मोठी मार्मिक आहे. त्यांनी उंदरांना मुद्दाम सोयाबीन खाऊ घातले. त्यातल्या प्रथिनांमुळे मूत्रावाटे टाकावयाचा मळ वाढतो आणि पाण्याची गरज उत्पन्न होते. मग त्यांना पिण्यास समुद्राचे पाणी दिले. माणूस समुद्राचे पाणी पिऊन अधिकच तहानतो आणि मरतो, कारण त्यातले मीठ बाहेर टाकण्यास प्यालेल्याहून अधिक पाणी लागते. कांगारू उंदीर त्या खाऱ्या पाण्यावर जगले.

दुसरे नाक. श्वासाबरोबर आपली पुष्कळ ओल जाते. थंडीत तोंडातून वाफ निघते ती हीच. उंदराच्या नाकाच्या वाटा फार अरुंद आणि वळणांच्या असतात. कोरडी हवा आत जाताना त्या ओल्या भिंतींवरून जाते, भिंतींची ओल उडते आणि त्या गार होतात. फुप्फुसातली गरम, दमट हवा परत येते तेव्हा तिला या गार भिंती भेटतात. तिच्यातले पाणी त्यांवर दवासारखे धरते आणि जागच्या जागी राहते. जाताना दिलेले उसने येताना परत घ्यावयाचे, असा हा व्यवहार. १९६४ साली जॅक्सन आणि श्मिट-नील्सन यांनी तो मोजून प्रसिद्ध केला. याच वर्षी क्नुट श्मिट-नील्सन यांचा वाळवंटी प्राण्यांवरचा मोठा ग्रंथही निघाला.

परंतु नाक आणि मूत्रपिंड यांचे कौतुक करताना मूळ मुद्दा विसरता कामा नये. ही काटकसर पाण्याची झाली, उष्णतेचे काय? कांगारू उंदराला भर उन्हात बांधून ठेवले तर तो हा हा म्हणता मरेल. देह तापून प्राणावर बेतली की त्याच्या तोंडातून लाळ गळू लागते, हनुवटी आणि गळा चिंब होतो, आणि त्या बाष्पीभवनाने घटकाभर जीव तगतो. पण हा शेवटचा उपाय, घर पेटल्यावर दागिने फेकून पळण्यासारखा. खरा उपाय आहे तो बीळ. बिळात उतरवण्याजोगे चिमुकले स्वयंलेखी उपकरण वापरून या दांपत्याने तेथील हवा मोजली. वर वाळू ७० अंशांना पोचलेली असता खाली तिसाच्या आसपास, आणि हवा बाहेरच्याहून कितीतरी दमट. आपल्याकडे जुन्या वाड्यांतून धान्यासाठी जमिनीत पेव असे. पेवात उतरलेल्या माणसाला चैत्रातही गारवा लागावयाचा. कारण माती उष्णतेला खाली उतरू देत नाही, आणि दिवसाची उष्णता पुरती उतरण्याच्या आतच रात्र होते. बिळाचे तत्त्व तेच. शिवाय त्या दमट हवेत साठवलेले कोरडे दाणे थोडी ओल शोषून घेतात, आणि नाकातून निसटलेल्या पाण्याचा काही अंश दाण्यावाटे पुन्हा मालकाच्या पोटात येतो. हवा फारच कोरडी झाली तर मघाचा जमाखर्च तुटीचा होतो. तेव्हा बीळ हे केवळ घर नव्हे, ते देहाच्या हिशेबातले एक कलम आहे.

एवढ्यावर इतिहास थांबला असता तर निष्कर्ष असा निघाला असता की, लहान प्राणी उष्णता टाळतो आणि म्हणून त्याचे आंतरिक स्थैर्य टिकते. बेर्नारचा सिद्धांत शाबूत. परंतु १९५० ते १९६५ च्या दरम्यान लॉस एंजेलिस येथील जॉर्ज बार्थोलोम्यू आणि त्यांचे सहकारी यांनी असे काही प्राणी अभ्यासले की, त्यांनी या सिद्धांतालाच मुरड घातली.

पहिला प्राणी मोहावी वाळवंटातली एक लहान खार. ही निशाचर नाही; दिवसा, कडक उन्हात ती धावपळ करते. बार्थोलोम्यू आणि हडसन यांना आढळले की, ती आपले उष्णतामान राखण्याचा अट्टहासच करीत नाही. धावता धावता तिचा देह ४३ अंशांपर्यंत चढतो, आणि ती ते चालवून घेते. उन्हाळ्याच्या दुपारी अशी सुमारे दहा मिनिटे झाली की ती बिळात शिरते, गार मातीला पोट चिकटवून सपाट पडते, साठलेली उष्णता मातीला देऊन टाकते आणि पुन्हा वर येते. दिवसभर हे येणेजाणे चालते. देह ४३ अंश असला म्हणजे ४० अंशांची हवाही त्याला गारच. उष्णता आपोआप बाहेर वाहते आणि पाण्याचा थेंबही खर्चावा लागत नाही. जेथे आपण घामाने रोख पैसे मोजतो, तेथे ही खार उधारीवर काम भागवते आणि तळघरात जाऊन कर्ज फेडते.

दुसरे उदाहरण याहून नवलाचे. त्याच वाळवंटात तिची एक भाऊबंद खार आहे. ती वसंतात भरपूर खाऊन लठ्ठ होते आणि साधारण ऑगस्टपासून मार्चपर्यंत बिळात निजून राहते. या निद्रेत तिचे उष्णतामान बिळातल्या हवेच्या उष्णतामानाला जवळजवळ येऊन भिडते. हृदय मंद, श्वास विरळ, अन्नपाण्याचा खर्च नाममात्र. शीतनिद्रा आपण शाळेत शिकलो, ही ग्रीष्मनिद्रा. आणि पाऊण तोळ्याचा तो गालपिशव्यांचा उंदीर तर ऋतूचीही वाट पाहत नाही. ज्या दिवशी दाणा कमी मिळाला, त्या दिवशी तो आपला देह गार पडू देतो आणि काही तासांनी पुन्हा जागा होऊन कामाला लागतो. रात्रीच्या थंडीत लहान देहाला ऊब राखणे किती महाग पडते, ते ठोकळ्याच्या अंकगणिताने आपण पाहिलेच आहे. तो खर्च झेपत नसेल तेव्हा तो शेगडीच विझवून ठेवतो. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातले काही चिमुकले शिशुधान प्राणी तर अशा ग्लानीतच रांगत बिळाबाहेर येतात आणि सरड्याप्रमाणे सकाळच्या उन्हात अंग शेकून जागे होतात, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांवरून दिसून आले.

श्रोतेहो, या ठिकाणी शास्त्राच्या इतिहासात एक महत्त्वाचे वळण आले, असे मला वाटते. देहाची ऊब घसरू देणे ही पूर्वी प्राथमिक, अप्रगत अवस्थेची खूण समजत. आता दिसून आले की, ज्याला पुन्हा स्वतःच्या बळावर ३७ अंशांना चढता येते, त्याचे घसरणे ही दुर्बलता नव्हे, ती व्यवस्था आहे. स्थैर्य हे साधन आहे, साध्य नव्हे. साध्य आहे ते जगणे. बेर्नार चुकला असे मी म्हणणार नाही. त्याने मोठ्या घरांचा हिशेब मांडला होता. लहान घरांचा हिशेब मांडल्यावर कळले की, निसर्गाने प्रत्येक घराला खर्च कमी-अधिक करण्याची मुभा ठेवली आहे.

आपल्या देशाकडे वळल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. थर वाळवंटातल्या जर्बिलाचे वर्णन टॉमस जर्डन या लष्करी शल्यवैद्याने १८६७ साली आपल्या भारतीय सस्तन प्राण्यांवरील ग्रंथात केले. परंतु त्याच्या जीवनक्रमाचा कसून अभ्यास झाला तो स्वातंत्र्यानंतर. १९५२ साली जोधपूर येथे वाळवंटात वने लावण्याचे केंद्र निघाले आणि १९५९ साली त्याचेच केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेत रूपांतर झाले. तेथे डॉ. ईश्वर प्रकाश यांनी राजस्थानच्या कृंतक प्राण्यांचा आयुष्यभर अभ्यास केला आणि डॉ. पुलक घोष यांनी त्यांच्या देहातील पाण्याच्या व्यवहारावर संशोधन केले. १९७५ साली दोघांनी मिळून संपादिलेला वाळवंटी कृंतकांवरील ग्रंथ हेग येथून प्रसिद्ध झाला. आपला हा जर्बिल कांगारू उंदरासारखा निशाचर नाही. तो दिवसा वावरतो, पण वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतो. उन्हाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी बाहेर, भर दुपारी बिळात. हिवाळ्यात नेमका उलट, दुपारच्या कोवळ्या उन्हात बाहेर आणि थंड वेळी आत.

या संशोधनामागे निव्वळ जिज्ञासा नव्हती, हेही सांगितले पाहिजे. जर्बिल शेतकऱ्याचे धान्य खातो, गुरांचे गवत कुरतडतो, आणि त्याच्या बिळांनी भुसभुशीत झालेली वाळू वाऱ्यावर उडते. ज्याला आवरावयाचे त्याला आधी ओळखले पाहिजे, या गरजेतून हे ज्ञान आले. आणि दैवाचा खेळ असा की, जो प्राणी उन्हाला आणि तहानेला हरला नाही, तो पाण्यापुढे हटला. राजस्थान कालवा, जो पुढे इंदिरा गांधी कालवा झाला, त्याचे पाणी जेथे जेथे पोचले तेथे ओलीत राहणाऱ्या उंदरांच्या जाती शिरल्या आणि कोरड्या जमिनीचा हा जुना रहिवासी मागे सरला. ज्याचा सारा संसार काटकसरीवर उभा, त्याला सुबत्तेत जागा उरली नाही.

आता अखेरचा प्रश्न. पृथ्वी तापते आहे, हे आपण सर्वजण ऐकतो आणि अलीकडे अनुभवतोही. या लहान जीवांचे पुढे काय होणार? याचे अंशतः उत्तर अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातून आले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जोसेफ ग्रिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वाळवंटातील पशुपक्ष्यांची ठिकाणवार नोंद करून ठेवली होती. शंभर वर्षांनी अभ्यासक तीच वहीखाते घेऊन त्याच ठिकाणी परत गेले. मधल्या काळात तेथील उष्णतामान सुमारे दोन अंशांनी वाढले होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, तेथील पाहणीच्या जागांवरून सरासरीने ४३ टक्के पक्षिजाती नाहीशा झाल्या होत्या. तोच हिशेब लहान सस्तन प्राण्यांचा केला, तेव्हा २०२१ साली असे दिसून आले की, त्यांची वस्ती बहुतांशी जेथल्या तेथे टिकून आहे. पक्ष्याला आकाश आहे, पण बीळ नाही. दुपारचा ताप त्याला उघड्यावर सोसावा लागतो आणि देह गार ठेवण्यासाठी पाणी खर्चावे लागते. पंखांना जे साधले नाही ते हातभर मातीने साधले.

यावरून निश्चिंत व्हावयाचे कारण नाही. बी पिकले तर उंदीर जगणार, आणि बी पिकते ते पावसावर. माती उन्हाळ्यामागून उन्हाळे तापत गेली तर पेवाचा गारवाही कायमचा नाही. जमाखर्चाच्या वहीत साठ समोर साठ जुळले आहेत. शिल्लक फार नाही.

लंडनच्या त्या तप्त खोलीत विद्वानांनी जिवंत देहातील उष्णतानाशक शक्ती शोधली. ती सापडली नाही. सापडल्या त्या साध्या गोष्टी : वेळ निवडणे, सावली धरणे, ओल परत घेणे, थोडे तापू देणे, थोडे विझू देणे. अ‍ॅडॉल्फ यांनी तहानलेल्या जवानाला शेवटी जे सांगितले, सावलीत पडून राहा आणि रात्री चाला, ते वाळवंटातल्या उंदराला माणूस जन्मण्यापूर्वीपासून ठाऊक होते. तेव्हा उद्या दुपारी दारे लोटून आपण आडवे व्हाल, तेव्हा आळसाचा ठपका मनाला लावून घेऊ नका. फार जुन्या आणि फार कसोटीला उतरलेल्या शहाणपणाचे आपण अनुसरण करीत आहात.